तिसऱ्या दिवशी

पंपाच्या पोटावर एक पितळी पट्टी आहे.
समुद्राजवळचं काम, तिच्यावर मीठ चढतं.
दर रविवारी पहिल्या पाळीला मी ती पुसतो.
एकोणीस वर्षं पुसतोय:
अनुक्रमांक, दाब, फेरे,
आणि सगळ्यांत खाली, वुपरटाल.
सुरुवातीला मला वाटायचं, मालकाचं नाव असेल.

या गावाला जाऊन यायचं म्हटलं,
तर कुंदा हसली नाही.
भेंडी चिरता चिरता विचारलं, किती दिवस?
रजा नऊ दिवसांची,
त्यातले सहा भाचीच्या साखरपुड्याला.
उरले तीन.

शमसुद्दीन म्हणाला, बर्लिन सोडून? म्युनिक सोडून?
आहे काय तिथं?
उलटी रेल्वे आहे, म्हटलं.
रूळ वर, डबा खाली, वटवाघळासारखा,
आणि डब्याच्या खाली नदी.
पन्नास साली त्या डब्यातून
सर्कशीतलं हत्तीचं पिल्लू घाबरून खाली पडलं,
आणि जगलं.
शमसुद्दीन पाना हातात धरून बराच वेळ उभा.
मग म्हणाला, नदी खोल असेल.
नाही रे. चिखल होता म्हणतात.

मी जतचा. आमच्याकडे नदी नकाशात असते.
इथं सोहारला वादी आहे,
ती वर्षातून एखादा दिवस नदी होते
आणि त्या दिवशी लोकांच्या गाड्या घेऊन जाते.
बाकी सगळं पाणी आम्ही करतो,
समुद्र आत घेऊन, मीठ बाजूला काढून,
मीटर लावून.
कुणी न करता वाहणारं पाणी
मला कारखान्याच्या चुकीसारखं वाटतं.
कुंदा वाईची. तिला घाट ठाऊक आहे.

रात्री जेवणाच्या टेबलावर कागद पसरले.
पगाराचा दाखला, बँकेचे सहा महिने,
तीस हजार युरोचा विमा
(इतकी किंमत माझी सासऱ्यांनीही केली नव्हती),
आणि रोजचा कार्यक्रम.
तो कुंदानं वाण्याच्या वहीच्या पाठीमागं लिहिला.
पहिला दिवस: विमान, आगगाडी, झोप.
दुसरा: लटकती गाडी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि परत.
प्राणिसंग्रहालय लिहिलं, खोडलं.
चित्रांचं म्युझियम लिहिलं,
थोडा विचार केला, खोडलं.
पंपाचा कारखाना, ह्यांच्यासाठी, फाटकापर्यंत.
मग एक सरळ रेघ मारून:
नदीकाठी बसणे.
किती वाजता ते लिही, त्यांना लागतं.
बसण्याला काय वाजायचंय, म्हणाली.

अर्जात शेवटी एक कलम.
परत जाल याचा पुरावा जोडा.
परत म्हणजे कुठं, हे विचारलेलं नाही.
रहिवासी कार्ड आहे, चौदा महिने उरलेत.
जतचं घर आहे, त्यात आता कुरिअरवाला असतो.
कंपनीचं पत्र आहे:
सदर इसम अमुक तारखेस कामावर रुजू होईल.
सदर इसम मी.

आत्याची म्हण आठवली:
एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै,
तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल जाई.
जर्मनीत आपण बरोबर तीन दिवस, मी म्हणालो,
आणि इथं एकोणीस वर्षं. बघ आता हिशेब.
कुंदा स्टेपलरमध्ये पिना भरत होती.
अक्कल असती, म्हणाली,
तर दुसऱ्याच्या गावाचं नाव
इतकी वर्षं पुसलं असतं का तुम्ही?

मंगळवारी मस्कतला भेटीची वेळ, दहा चाळीस.
काल पाळी संपताना पट्टीवर पातळ कागद ठेवून
वरून पेन्सिल घासली,
शाळेत नाण्यावर घासायचो तशी.
अनुक्रमांक नीट उठला नाही.
गावाचं नाव उठलं.
फाटकावर दाखवीन कुणाला तरी.

तो कागद मी पुराव्याच्या कागदांत लावला.
काढा तो, कुंदा म्हणाली, खिडकीतल्या बाईचा गोंधळ होईल.
काढला.
ती दूध तापवायला आत गेली,
तेव्हा पुन्हा लावला.